पाणी येतं, पाणी येतंय

मे महिना होता. गच्चीवर घातलेली कुरडई तासाभरात खडखडीत वाळावी असं ऊन, आणि महानंदाचे हात मात्र गार पडलेले. रोज असंच व्हायचं. दुपार कलली की सोलापूरजवळच्या कुंभारीतल्या एका कॉलनीतल्या दोन खोल्यांच्या घरात ती प्लॅस्टिकची खुर्ची कोपऱ्यात ओढायची, पिठाच्या डब्याला टेकवून मोबाईल उभा करायची, कानात इयरफोन घालायची आणि पडद्यावर समोरच्या माणसाचं नाव उमटायची वाट बघायची. दोन वर्षं ती हे काम करत होती, पण भीती काही कमी होत नव्हती.

काम होतं इंग्रजी बोलण्याचा सराव घ्यायचं. एका अ‍ॅपवर देशोदेशींचे लोक शिकायला यायचे. महानंदाच्या वाट्याला आले ब्राझीलचे, कारण त्यांची सकाळ आणि तिची रिकामी दुपार नेमकी जुळायची. नवरा महेश्वर टॉवेलच्या कारखान्यात गेलेला असायचा. सासरे चन्नप्पा, होटगी स्टेशनवरून रिटायर झालेले, सुनेला कानडी वळणानं ‘अव्वा’ म्हणणारे, बाहेरच्या खोलीत पंख्याखाली घोरत असायचे. घरात एवढीच माणसं.

इंग्रजी शिकवणारी महानंदा इंग्रजीला लहानपणापासून भ्यायची. माहेर कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीचं. घरात कानडी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी म्हणजे छडीच्या टोकावर असलेला एक तास. सहावीत असताना तपासणीला साहेब आले होते. त्यांनी नेमकं तिलाच उभं केलं आणि विचारलं, ‘‘व्हॉट आर यू डूइंग?’’ तिच्या तोंडून निघालं, ‘‘आय अ‍ॅम फाइन.’’ सगळा वर्ग हसला. साहेबही हसले. ती दप्तर तिथंच टाकून रेल्वेच्या फाटकापर्यंत पळत गेली होती, आणि नंतर कितीतरी दिवस तापानं फणफणली होती. वडील पंचाक्षरी म्हणाले, राहू दे, पोरीला नको ते इंग्रजी.

पण लग्न होऊन सोलापूरला आल्यावर तिला काम मिळालं ते चादरी परदेशी पाठवणाऱ्या एका ऑफिसात. तिथली सगळी पत्रं इंग्रजीत. प्रत्येक पत्र ती एकटी असताना पुटपुटत वाचायची, एकेका शब्दावर बोट ठेवून, जसं आंधळं माणूस भिंत चाचपत जातं. असं करत करत भाषा आली, भीती मात्र मागे लागूनच राहिली. ते ऑफिस बंद झाल्यावर कोणीतरी या अ‍ॅपचं सुचवलं. परीक्षा घेणारा पुण्याचा सोमेश नावाचा टीम लीडर होता. तिच्या हातातून फोन दोनदा पडला. तरी त्यानं तिला घेतलं. म्हणाला, ‘‘मॅडम, तुम्ही समोरच्याला घाई करत नाही. बाकीचे फार घाई करतात.’’

घाई कशी करणार? समोरचा माणूस वाक्याच्या मध्ये अडकला, डोळे वर करून शब्द शोधायला लागला, की महानंदाचेही ओठ त्याच्याबरोबर हलायला लागायचे. त्याचं चुकेल का, याची तिलाच धास्ती.

ती शिकवायची बहुतेक करून वर्तमानकाळ. नेहमी घडतं ते एका रूपात, आत्ता घडतंय ते दुसऱ्या रूपात. ब्राझीलच्या लोकांच्या पोर्तुगीज भाषेतही दोन्ही रूपं होती, पण इंग्रजी बोलताना त्यांची सरमिसळ व्हायची. शिवाय ते कर्ताच खाऊन टाकायचे. ‘‘इट इज रेनिंग’’ म्हणायच्या ऐवजी ‘‘इज रेनिंग’’ म्हणून मोकळे. महानंदा मग आपल्या घरातलं उदाहरण द्यायची. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. चार-पाच दिवसांनी येतं. वॉटर कम्स. आणि ज्या दिवशी आलं त्या दिवशी बादल्या घेऊन पळत पळत ओरडायचं, वॉटर इज कमिंग! ती खुर्चीवरून उठून बादली उचलून दाखवायची. ब्राझीलचे लोक हसायचे आणि वाक्य त्यांच्या लक्षात राहायचं.

दोना झुलमीराला तर हे वाक्य फारच आवडलं होतं. ‘दोना’ म्हणजे आपल्याकडे बाई किंवा ताई म्हणतो तसं. दक्षिण ब्राझीलमधल्या एका नदीकाठच्या गावात ही सत्तरी ओलांडलेली शिंपीणबाई एकटी राहायची. मुलगी सिल्वाना आयर्लंडला, डब्लिनमध्ये नर्स. नातीला आजीची भाषा येत नाही, म्हणून आजीनं या वयात इंग्रजी धरलेलं. गुडघे दुखायचे, कान बरे होते, जिद्द मोठी होती. महानंदाला ती ‘‘प्रोफेसोरा’’ म्हणायची. दुधनीच्या शाळेतून पळालेल्या मुलीला कोणी प्रोफेसोरा म्हणतंय, याचीही महानंदाला भीती वाटायची. वाटायचं, एक दिवस हिला कळेल.

दोघींचा एक खेळ होता. महानंदा काहीतरी करायची आणि बोलायची, ‘‘आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर. व्हॉट आर यू डूइंग?’’ मग झुलमीरानं तेच करायचं आणि तेच बोलायचं. टॅब्लेट हातात धरून ती घरभर फिरायची. महानंदाला त्या घराचा कोपरा न् कोपरा पाठ झाला होता. शिवणयंत्र, पितळी नळाचं बेसिन, मागचं दार, दाराबाहेर स्लॅबवर जाणारा सिमेंटचा जिना, वर पाण्याची निळी टाकी आणि कपडे वाळत घालायची तार. कुंभारीतलं महानंदाचं घर आणि ते घर, जिना दोन्हींना बाहेरूनच.

त्या आठवड्यात तिकडे पाऊस लागला होता. झुलमीराच्या मागे कपाटाच्या दारावर एक पांढरा पोशाख लटकत होता. गावातल्या एका मुलीचं लग्न, शनिवारी. लांबलचक घेर, खाली जमिनीवर चादर अंथरून त्यावर पसरलेला. महानंदानं विचारलं होतं, नदीचं काय? झुलमीरानं हात झटकला. ‘‘एव्हरी इयर वॉटर कम्स इन द स्ट्रीट. इट डझन्ट कम इन माय हाऊस.’’ दरवर्षी रस्त्यावर येतं, माझ्या घरात येत नाही. वाक्य एकदम बरोबर होतं. महानंदानं तिला शाबासकी दिली होती.

आणि मग तो दिवस आला.

पडदा उजळला. झुलमीरानं केस नीट विंचरले होते, हातात कप होता. मागे बदाबदा पावसाचा आवाज.

‘‘व्हॉट आर यू डूइंग, दोना झुलमीरा?’’

‘‘आय अ‍ॅम ड्रिंकिंग कॉफी.’’

‘‘अँड आउटसाइड?’’

‘‘इट इज रेनिंग.’’ आज ती ‘इट’ विसरली नाही. मग थोडी थांबली, खाली कुठंतरी बघितलं, आणि हळूच म्हणाली, ‘‘वॉटर इज कमिंग.’’

‘‘व्हेरी गुड!’’ महानंदा म्हणाली. ‘‘एक्सलंट!’’ तिला वाटलं, बाईंनी बादलीचं वाक्य लक्षात ठेवलंय. तिनं पडद्यावरचा चांदणीचा शिक्काही दाबला. झुलमीरा हसली नाही. ती खालीच बघत होती.

‘‘आग्वा,’’ ती म्हणाली. पाणी. इंग्रजी सोडून आपल्या भाषेत.

तेव्हा महानंदाची नजर मागच्या पोशाखावर गेली. घेराचा काठ चहासारखा तांबूस झाला होता. तो रंग कापडातून वर चढत होता. बघता बघता वितीभर. खालची चादर दिसेनाशी झाली होती.

सहावीच्या वर्गात उभी असल्यासारखी महानंदा नुसती बघत राहिली. मग कुठून तरी तिचा आवाज आला, ‘‘गो! दोना झुलमीरा, गो आउट!’’

झुलमीरा उठली आणि पुढच्या दाराकडे गेली. टॅब्लेट तिच्या हातात होता. तिनं कडी काढली मात्र, दार तिच्या अंगावरच आलं. रस्ता नव्हताच. तपकिरी पाणी, त्यावर फांद्या, एक उलटी खुर्ची, आणि त्या सगळ्याचा घर्र घर्र असा आवाज. झुलमीरा किंचाळली. चित्र गरगर फिरलं. पुन्हा आतली खोली दिसली, आता पाणी तिच्या पोटऱ्यांपर्यंत होतं.

‘‘रूफ!’’ महानंदा ओरडली. ‘‘गो टू द रूफ!’’

‘‘रूफ? व्हॉट इज रूफ?’’

हा शब्द तिनं कधी शिकवलाच नव्हता. ‘‘अप! अप!’’ ती बोट वर करून सांगायला लागली. झुलमीरानं छताकडे बघितलं, मान हलवली, आणि ती खुर्चीवर चढली. एका हातात टॅब्लेट, दुसऱ्या हातानं तो पोशाख ओढून वर धरलेला. ‘‘इट डझन्ट कम,’’ ती म्हणत होती, ‘‘इन माय हाऊस, वॉटर डझन्ट कम.’’

‘‘इट इज कमिंग!’’ महानंदाचा आवाज चिरकला. ‘‘नाऊ! आत्ता येतंय हो बाई, आत्ता!’’

आरडाओरड्यानं चन्नप्पा जागे झाले. दारात येऊन उभे राहिले. ‘‘काय झालं अव्वा?’’

‘‘मामा, पाणी!’’

‘‘नळ आला व्हय?’’ म्हणत म्हातारबुवा मोरीकडे वळले आणि घागर उचलायला लागले.

महानंदानं डब्याला टेकवलेला फोन उचलला आणि ती पळाली. बाहेर, जिन्यावर. पायात चप्पल नव्हती. पहिल्या पायरीलाच तळवा भाजला, पण ती थांबली नाही. फोन उलटा करून तिनं कॅमेरा पायऱ्यांवर धरला.

‘‘आय अ‍ॅम गोइंग अप! लुक! आय अ‍ॅम गोइंग अप! व्हॉट आर यू डूइंग?’’

पलीकडे खुर्चीवर उभी असलेली झुलमीरा पडद्याकडे बघत होती. रोजचा खेळ. रोजचाच प्रश्न. तिचे ओठ हलले. ‘‘आय अ‍ॅम...’’

‘‘गोइंग अप! बॅक डोअर! व्हॉट आर यू डूइंग?’’

‘‘आय अ‍ॅम गोइंग,’’ झुलमीरा म्हणाली आणि खुर्चीवरून खाली उतरली. पाणी गुडघ्यांवर होतं. ती एक एक पाऊल टाकत होती, आणि प्रत्येक पावलाला काहीतरी तिच्या पायांवर आदळत होतं. शिवणयंत्राच्या बाजूनं ती मागच्या दारापाशी पोचली. ‘‘आय अ‍ॅम ओपनिंग द डोअर,’’ ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, रडवेल्या आवाजात, ‘‘डोअर इज नॉट ओपनिंग.’’

महानंदा गच्चीवर पोचली होती. तिथं कुरडया घातलेल्या होत्या, त्यांच्यावरूनच ती पळत गेली, आणि गच्चीवरच्या पत्र्याच्या अडगळीच्या खोलीचं दार तिनं खांद्यानं ढकललं. एकदा, दोनदा, फोन समोर धरून. ‘‘पुश! आय अ‍ॅम पुशिंग! यू पुश!’’

झुलमीराचा श्वास फोनमधून ऐकू येत होता, भात्यासारखा. मग एक मोठा आवाज झाला. पडदा पाण्याच्या थेंबांनी भरला. करडा उजेड, ओलं सिमेंट, पायरी. एक पायरी, दुसरी पायरी.

‘‘आय अ‍ॅम गोइंग अप,’’ झुलमीरा म्हणाली.

‘‘व्हेरी...’’ महानंदा बोलायला गेली आणि तिनं तो शब्द गिळला.

मग झुलमीरा थांबली. ‘‘वेट, प्रोफेसोरा. द ड्रेस.’’

‘‘नो! नो ड्रेस!’’

‘‘वेडिंग इज सॅटर्डे.’’

‘‘नो, दोना झुलमीरा! प्लीज! अप!’’

पण टॅब्लेट पायरीवर उताणा ठेवला गेला होता. महानंदाला दिसत होतं ते फक्त आभाळ, स्लॅबची कड आणि काचेवर पडणारा पाऊस. पावलांचा आवाज खाली खाली गेला. ती हाका मारत राहिली. ‘‘आर यू गोइंग अप? दोना झुलमीरा! व्हॉट आर यू डूइंग?’’ उत्तर नाही. एकदा वाटलं, काहीतरी पांढरं कडेला हललं. मग चित्र थिजलं, पावसाचा आवाज तुटला, आणि पडद्यावर अक्षरं आली: विद्यार्थिनीने क्लास सोडला आहे. आजचा क्लास कसा झाला?

ती भर उन्हात गच्चीवर उभी होती. चारी बाजूंना माळ, वर ठणठणीत निळं आभाळ, कुठं थेंबभर पाणी नाही. पायांची जाणीव झाली ती चन्नप्पा चप्पल घेऊन वर आले तेव्हा. वाकून त्यांनीच चप्पल तिच्या पायांपाशी ठेवली. सुनेपुढं असं वाकणारा माणूस नव्हता तो.

खाली आल्यावर तिनं सोमेशला फोन लावला.

‘‘मॅडम, तिकडचं नेट गेलं असेल,’’ तो म्हणाला. ‘‘क्लास अर्धा राहिला तर तशी नोंद...’’

‘‘नेट न्हाय हो सर, बाई बुडायली!’’ महानंदाच्या तोंडात इतकी वर्षं दाबून ठेवलेली दुधनीची बोली आली. ‘‘तिच्या लेकीचा नंबर द्या मला. आत्ताच्या आत्ता.’’

‘‘तो आपल्याला देता येत नाही. नियम आहे.’’

‘‘मग तुमी लावा की! कुणीतरी लावा!’’ ती जन्मात कुणावर एवढी ओरडली नव्हती. पलीकडून फोन ठेवला गेला. तिला वाटलं, झालं. आता कुणी काही करणार नाही. ती मोरीच्या उंबऱ्यावर बसली, भाजलेले पाय पुढं पसरून. चन्नप्पांनी तिच्या तळव्यांना तूप लावायला दिलं, पण वाटी तशीच बाजूला राहिली.

दिवेलागणीला परदेशी नंबरावरून फोन आला. बाईचा आवाज, भरभर, इंग्रजीतून. सिल्वाना होती. सोमेशनं नियम मोडला होता.

‘‘व्हेअर इज माय मदर? इज शी ऑन द रूफ?’’

महानंदाला तेच तर माहीत नव्हतं. ‘‘आय अ‍ॅम नॉट नोइंग,’’ ती म्हणाली, आणि म्हणताना तिला कळलं की चुकलं, हे असं म्हणत नाहीत, विद्यार्थ्यांना आपण हजारदा सांगतो. अशा वेळी आपल्याला चूक दिसते याचीच तिला लाज वाटली. ‘‘शी इज गोइंग अप. देन शी इज गोइंग डाऊन. फॉर द ड्रेस.’’

सिल्वाना आता हळू बोलायला लागली. आईनं काल रात्री सांगितलं होतं की ती मावशीकडे, उंचावरच्या वस्तीत जाते. मुलगी निर्धास्त होती. मावशीचा फोन लागत नव्हता, पण सगळ्या गावाचेच लागत नव्हते. त्या गल्लीत आता कुणी नाही, सगळे निघून गेले, असंच बचावाला आलेल्या बोटवाल्यांना सांगितलं गेलं होतं.

‘‘बट शी इज देअर,’’ महानंदा म्हणाली. ‘‘इन द हाऊस. शी इज देअर.’’

‘‘आय अ‍ॅम कॉलिंग देम,’’ सिल्वाना म्हणाली आणि फोन बंद झाला.

महेश्वर कामावरून आला तेव्हा स्वयंपाक झालेला नव्हता. त्याला सगळं सांगताना महानंदा एकाच वाक्यापाशी पुन्हा पुन्हा अडकत होती. ‘‘ती सांगत होती हो मला, पाणी येतंय म्हणून. आणि मी तिला व्हेरी गुड म्हणाले. चांदणी दिली.’’

‘‘तुला काय ठावं होतं?’’ महेश्वर म्हणाला.

‘‘ठावं असायला पायजे होतं. मीच तर शिकिवलंय तिला. आत्ता घडतंय ते असं बोलायचं म्हणून.’’

महेश्वर फोनवर तिकडच्या पुराचे व्हिडिओ शोधत बसला. कौलांवर बसलेली माणसं, होडीत घातलेली कुत्री, नुसती टोकं दिसणारे विजेचे खांब. पाण्यात काही पांढरं वाहताना दिसलं की महानंदा त्याचा हात धरायची. ‘‘थांबवा, थांबवा.’’ कधी ते फ्रिज असायचं, कधी गादी. शेवटी त्यानं फोन पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी तिनं क्लास घेतले नाहीत. संध्याकाळी कॉलनीला पाणी सुटलं. नळातून आधी हवेचा फुसफुसाट, मग गुरगुर. शेजारपाजारी बायकांची पळापळ सुरू झाली, ‘पाणी आलं, पाणी आलं.’ महानंदा त्या आवाजानं भिंतीला चिकटून उभी राहिली. तिला मोरीत जाववेना. चन्नप्पांनीच धोतर खोचून सगळी भांडी भरली, आणि भरून झाल्यावर नळ इतका घट्ट पिळला की नंतर तो महेश्वरलाही सुटेना.

त्या रात्रीनंतरच्या सकाळी, चहा उकळत असताना, फोन वाजला. सिल्वानाचा निरोप होता, नुसता आवाज. महानंदाला तो ऐकायची हिंमत होईना. तिनं फोन महेश्वरच्या हातात दिला. त्यानं कानाला लावला. त्याला इंग्रजी फारसं कळायचं नाही, तरी तो ऐकत राहिला, आणि मग म्हणाला, ‘‘रडायली हाय बाई. पण हसायली पण हाय.’’

झुलमीरा सापडली होती. स्लॅबवर, निळ्या टाकीच्या आडोशाला. अख्खी रात्र तिनं पावसात काढली होती, आणि तो लग्नाचा पोशाख अंगाभोवती गुंडाळून घेतला होता. खालून घेऊन आली होती ती. वर येईपर्यंत पाणी गळ्याशी होतं. अंग इतकं गारठलेलं की होडीवाल्यांना तिची बोटं टाकीच्या पाइपावरून एकेक करून सोडवावी लागली. आता दवाखान्यात होती. शेजारचे अनीझिओ मात्र, तिच्याच वयाचे, ज्यांच्या घरातही कधी पाणी आलं नव्हतं, ते अजून सापडले नव्हते.

महानंदानं निरोप स्वतः ऐकला तो नंतर, एकटीनं, गच्चीवर जाऊन. कुरडयांचा चुरा अजून तिथंच होता.

बरेच आठवडे गेले. सोमेशला वरून बोलणी बसली, असं तिच्या कानावर आलं. तिनं त्याला फोन केला तर तो एवढंच म्हणाला, ‘‘बरं वाटतंय ना आता बाईंना?’’ ती क्लास घ्यायला लागली होती, पण पाण्याचं उदाहरण तिनं सोडून दिलं. बसचं उदाहरण द्यायची. अक्कलकोटची बस रोज येते, आत्ता बस येतेय. कुणी हसायचं नाही त्याला, आणि कुणाच्या लक्षातही राहायचं नाही.

मग एका दुपारी पडद्यावर झुलमीराचं नाव आलं. बहिणीच्या घरी होती ती, उंचावरच्या वस्तीत. चेहरा निम्मा झाला होता. केस कापलेले. काय बोलायचं ते महानंदाला सुचेना, आणि जे सुचत होतं ते तिच्याजवळच्या इंग्रजीत मावत नव्हतं.

शेवटी झुलमीराच बोलायला लागली. ‘‘वॉटर इज कमिंग,’’ ती म्हणाली. ‘‘आय अ‍ॅम गोइंग डाऊन. आय अ‍ॅम टेकिंग द ड्रेस. वॉटर इज हिअर.’’ तिनं गळ्यावर हात ठेवला. ‘‘आय अ‍ॅम गोइंग अप. इट इज डार्क. आय अ‍ॅम सिटिंग. अनीझिओ इज कॉलिंग मी. ही इज कॉलिंग, कॉलिंग. देन ही इज नॉट कॉलिंग.’’

होऊन गेलेली गोष्ट ती आत्ता घडत असल्यासारखी सांगत होती. तिला भूतकाळ यायचाच नाही. तिथवर त्यांचा धडा गेला नव्हता. महानंदाच्या जागी दुसरं कुणी असतं तर मध्येच थांबवून दुरुस्त केलं असतं. महानंदानं एक शब्दही दुरुस्त केला नाही. शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

‘‘यू आर अफ्रेड?’’ झुलमीरानं विचारलं. ‘आर’ आधी घ्यायला विसरली होती, किंवा विसरली नव्हती, असंच विचारायचं होतं तिला.

‘‘येस,’’ महानंदा म्हणाली. ‘‘एव्हरी डे. नळाचा आवाज...’’ तिला शब्द सापडेना, म्हणून तिनं तोंडानंच तो गुरगुराट करून दाखवला.

झुलमीरानं डोळे मिटले आणि जोरजोरात मान हलवली. तिचंही तसंच होत होतं. बहिणीनं भांडी घासायला नळ सोडला की ती उठून अंगणात जायची.

तेवढ्यात चन्नप्पा आत आले. महानंदाच्या कानात आज इयरफोन नव्हता, आवाज मोठा होता, त्यांना पलीकडची बाई दिसली. ते खुर्चीमागे येऊन उभे राहिले, डोळे बारीक करून पडद्याकडे बघितलं, आणि दोन्ही हात जोडून म्हणाले, ‘‘शरणु.’’

‘‘हू इज ही?’’ झुलमीरानं विचारलं.

‘‘ही इज माय फादर-इन-लॉ. ही लिव्ज विथ अस.’’

झुलमीरानंही त्यांचं बघून हात जोडले, गारठून आखडलेली बोटं अजून नीट मिळत नव्हती तरी. चन्नप्पांनी सुनेला विचारलं, ‘‘जेवली का म्हणावं तिला?’’ महानंदानं विचारलं. झुलमीरा म्हणाली, अजून नाही, बहीण सूप करतेय, आणि वास फार छान येतोय. कशाचं सूप, ते समजावून सांगण्यात त्यांचा बाकीचा सगळा वेळ गेला.